सुभेदारांची रबरी पट्टी

माझा उजवा खांदा आखडला तेव्हा मी सांगलीत शाळेत भूगोल शिकवत होते आणि फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढायचा होता. कोल्हापूर, सांगली, सातारा खालच्या अंगाला असल्यामुळं ते निभावलं. पुण्यापर्यंत दात-ओठ खात पोचले. नगरच्या वर मात्र हात जाईना. मी खडू खाली ठेवला आणि पोरांना सांगितलं, "वरचे जिल्हे घरून काढून आणा." पोरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. शिक्षक रोजच काहीतरी घरून करून आणायला सांगतात.

डॉक्टरांनी तपासून फिजिओथेरपीला धाडलं. तिथली मुलगी माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची, जतकडची. तिचे आजोबा मेंढरं घेऊन पार कोकणात उतरायचे, असं तिनंच सांगितलं होतं. "त्यांनी मेंढरं वळवली, मी खांदे वळवते," असं ती म्हणायची, आणि माझा हात धरून असा काही वळवायची, की त्या मेंढरांचं कसं झालं असेल याचा मला अंदाज यायचा.

सुरुवातीला नुसता शेक आणि ताण. मग एक दिवस ती म्हणाली, "काकू, आता खांद्यात ताकद आणायची." मला वाटलं, डंबेल काढील. तिनं कपाटातून एक पिवळी रबरी पट्टी काढली. चार बोटं रुंद, कागदासारखी पातळ, तीन हात लांब. परकराच्या नेफ्यातलं इलॅस्टिक तरी याहून जाड असतं.

"यानं ताकद येणार?"

"ओढून बघा."

ओढली. आली की सहज. अजून ओढली तशी ती जड होत गेली, आणि शेवटच्या वितीला माझा खांदा थरथरायला लागला.

"लोखंड खालपासून वरपर्यंत सारखंच जड असतं," ती म्हणाली. "हे जितकं ताणाल तितकं जड होत जातं. सुरुवात सोपी, शेवट अवघड."

"म्हणजे आमच्या गणिताच्या सरांनी काढलेल्या पेपरासारखं."

ती हसली नाही. मी मात्र हसले, आणि हसताना पट्टी सोडून दिली. ती सटकन मागं गेली आणि टेबलावरचा पेनांचा डबा उलथला. तिनं शांतपणे एकेक पेन गोळा केलं.

"काकू, ओढणं हा अर्धा व्यायाम. सावकाश सोडणं हा उरलेला अर्धा. आणि तो अर्धा सगळेच चोरतात."

तिच्या कपाटात पिवळ्यानंतर लाल, मग हिरवी, निळी आणि शेवटी काळी पट्टी होती. प्रत्येक रंग आधीच्याहून जाड. दुसऱ्या कंपनीचे रंग वेगळे असतात, तेव्हा रंगावर नको, हातावर विश्वास ठेवा, असं तिनं बजावलं. वापरायच्या आधी पट्टीला कुठं चीर पडली नाही ना ते बघायचं, हातातली अंगठी काढायची, आणि पट्टी जिथं बांधायची ती जागा हलता कामा नये. ही शेवटची गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा माझ्या नवऱ्यानं मनावर घेतलं. तो कुपवाडला कारखान्यात आहे. तिथून त्यानं एक लोखंडी कडी आणली आणि भिंतीत अशी ठोकून बसवली, की म्हैस बांधली असती तरी चाललं असतं.

मी पिवळीवरून लालवर गेले, लालवरून हिरवीवर. नकाशात जळगावपर्यंत पोचले. हे सगळं मी फोनवर वहिनीला सांगायची. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती दोघं साताऱ्याजवळ आमच्या गावी असतात. भाऊ सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाला आणि आता ऊस बघतो. वहिनी ऊसही बघते आणि सुभेदारांनाही बघते.

चैत्रात गावची यात्रा असते. त्याच्या आधी वहिनीचा फोन आला. आवाज इतका बारीक, की ती गोठ्यात जाऊन बोलत असणार.

"वन्सं, येताना तुमच्या त्या पट्ट्या घेऊन या. समद्या रंगाच्या."

"तुम्हाला हव्यात का?"

"तुमच्या दादांना. उजवा हात खांद्याच्या वर जात न्हाई. गेल्या ऊसतोडीपासनं. कुनाला सांगत न्हाईत. सदरा मी घालते, फेटा मी बांधते, आन् भाईर सांगतात, बायकोला हौस हाय."

"डॉक्टरांना दाखवलं का?"

"डॉक्टरचं नाव काढलं की रानात जाऊन बसतात. तुमीच काय तरी करा. पर सरळ सांगू नका. सरळ सांगितलेलं ह्यांना कवा कळलंय?"

माझा भाऊ मला चांगला ठाऊक होता. त्याला एखादी गोष्ट कर म्हटलं तर तो करत नाही. तुला जमायचं नाही म्हटलं तर ती केल्याशिवाय जेवत नाही. मी माझ्या पट्ट्या आणि त्या मुलीकडून मागून आणलेली काळी पट्टी पिशवीत भरली आणि यात्रेच्या दोन दिवस आधी एसटीत बसले.

घरी पोचले, चहा झाला आणि मी पिशवी अशी उपडी केली, की पट्ट्या नेमक्या त्याच्या पायाशी पडाव्यात. त्यानं लाल पट्टी दोन बोटांत उचलली.

"काय मास्तरीणबाई, रिबनी आनल्यास व्हय? पोरींची वेणीफणी पन शाळंतच करतीस का काय?"

"व्यायामाच्या आहेत, दादा."

"व्यायाम. ह्या नाडीनं." त्यानं पट्टी दिव्यासमोर धरून आरपार बघितलं. "मिल्ट्रीत आमी पाठीवर सामान घेऊन डोंगर चढायचो. आन् आता लोकं नाड्या वडून ताकद कमवाय लागली."

"तुला नाही जमायचं," मी म्हणाले, जसं काही आणखी चहा हवा का विचारतेय.

आत वहिनीचा भाकरी थापायचा आवाज थांबला.

"मला?"

"बायकांचं आहे ते. तू राहू दे."

त्यानं हात पुढं केला. मी त्या हातात काळी पट्टी दिली, तीही दुहेरी करून, अगदी आखूड धरायला लावून. पट्टी जितकी आखूड धरू तितकी ती लवकर जड होते, हे मी त्याला सांगायला हवं होतं. पण मग मजा काय राहिली असती.

"छातीसमोर धर आणि दोन्ही हात बाजूला ने."

पहिली चार बोटं सहज गेली. सुभेदारांनी माझ्याकडं बघून स्मित केलं. मग हात थांबले. स्मित तेवढं जागेवर राहिलं, पण मानेच्या शिरा वर आल्या आणि उजवा खांदा कानाला जाऊन टेकला. तो ओढत होता आणि पट्टी त्याला आत ओढत होती. शेवटी पट्टी जिंकली. ती हातातून सुटली, स्वयंपाकघराच्या दारातून आत गेली आणि वहिनीच्या परातीत पडली. पीठ उडालं.

"रबर शिळं हाय," भाऊ म्हणाला.

"व्हय, परवाचं आसंल," वहिनी आतून म्हणाली.

तो चपला घालून रानात गेला. आम्ही दोघी पीठ झाडत बसलो आणि आमचं काम झालं असं समजलो. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या पिशवीतून काळी पट्टी गायब होती, तेव्हा तर खात्रीच पटली. मी वहिनीला डोळ्यांनी खूण केली. तिनं पुरणाच्या कढईवरून मान हलवली. मासा गळाला लागला होता.

एवढंच, की मासा पट्टी घेऊन कुठं गेलाय हे बघायचं आमच्या दोघींच्या डोक्यात आलं नाही.

पुरण वाटत होतो आणि मागच्या बाजूला खाडकन काहीतरी आपटलं. धावत गेलो. न्हाणीसमोरच्या बोळात भाऊ पालथ्या बादलीवर बसला होता. एका हातात काळी पट्टी, पट्टीच्या टोकाला न्हाणीच्या दाराची मूठ, स्क्रूसकट. कपाळावर आवळ्याएवढं टेंगूळ, आणि ते आमच्या देखत मोठं होत होतं.

त्यानं पट्टी दाराच्या मुठीला बांधली होती. ते दार प्लास्टिकचं. त्यात स्क्रू म्हणजे नुसते टोचून ठेवलेले. तो पूर्ण जोर लावून मागं झुकला, पट्टी ताणली गेली, आणि मूठ होती तिथून निघून थेट त्याच्या कपाळाला येऊन भेटली.

"पाय घसरला," तो म्हणाला.

वहिनीनं त्याच्या हाताकडं बघितलं. "कुनाचा? मुठीचा?"

हळद लावली, बर्फ लावला. टेंगूळ काही ऐकेना. तो आम्हा दोघींना समोर उभं करून बोलला, बहुधा पलटणीशी बोलायचा तसा. "ह्या घरातनं एक शबूद भाईर जाता कामा न्हाई. समजलं?"

"न्हाई जायचा," वहिनी म्हणाली. आणि तिनं शब्द पाळला. कसा पाळला ते पुढं सांगते.

यात्रेच्या सकाळी तिनं त्याला फेटा बांधला तो भुवयांपर्यंत खाली. तरी टेंगळाची एक कड दिसतच होती. आम्ही दोघी निवद घेऊन देवळात गेलो. शेजारच्या एक आत्याबाई आधीच ओट्यावर बसल्या होत्या. गावात कुणाकडं काय शिजलं हे झाकण न काढता सांगतील अशा.

"अगं, सुभेदारांच्या कपाळाला काय झालं?"

वहिनीनं निवदाचं ताट खाली ठेवलं. पदर सावरला. एक श्वास सोडला. "काय सांगू आत्ती. गप बस म्हनून सांगितलंय मला."

"मला सांगायला काय हुतंय?"

"न्हाई बाई. सांजच्या पारी उसाच्या अंगाला कोन जातंय, काय हुतंय. देव राखनारा हाय, एवढंच म्हनायचं."

ऊस आणि सांज हे दोन शब्द आमच्या गावात त्या दिवसांत एकत्र आले, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. महिन्यापूर्वीच वरच्या वस्तीवरची शेळी बिबट्यानं नेली होती. आत्याबाईंचा हात तोंडावर गेला.

"बिबट्या?"

"मी काय म्हनले न्हाई, आत्ती," वहिनी म्हणाली आणि देवापुढं डोळे मिटून उभी राहिली.

परत येताना मी तिला रस्त्यात गाठलं. "वहिनी, हे काय केलंत?"

"मी काय केलं? घरातनं शबूद गेला का? न्हाई गेला. जो गेला तो आत्तींचा आत्तींनी बनवला."

दुपारपर्यंत तो शब्द गावभर फिरला आणि फिरताना चांगलाच पोसला. रसाच्या गाड्यावर मी उभी होते, तर दोन माणसं सांगत होती, की बिबट्यानं झेप घेतली तेव्हा सुभेदार मोकळ्या हातानं उभे होते. एकानं विचारलं, मग? दुसरा म्हणाला, मग काय, उजव्या हातानं जबडा धरला आणि वरच्या वर फिरवून टाकला. माझ्या नाकात रस गेला. तो उजवा हात सदऱ्याच्या बाहीत घालायलासुद्धा वहिनी लागत होती.

भावाला यातलं काही कळलेलं नव्हतं. तो सकाळपासून फेटा खाली ओढून पंचांच्या खुर्चीत जाऊन बसला होता, कारण दुपारी कुस्त्यांचं मैदान होतं आणि दरवर्षी तो पंच असतो. बायकांसाठी शाळेच्या गच्चीवर जागा होती. आम्ही कठड्याला धरून बसलो.

दोन-तीन कुस्त्या झाल्या आणि माईकवाल्यानं सुभेदारांना आखाड्यात बोलावलं. निवृत्त जवानांचा सत्कार दरवर्षी होतोच. त्यामुळं भाऊ गंभीर चेहऱ्यानं उठला, आखाड्याची माती कपाळाला लावायला वाकला, टेंगूळ आठवलं तसा मध्येच थांबला आणि ताठ उभा राहिला. अंगावर शाल पडली. हातात नारळ आला. हलगी वाजली.

मग माईकवाला बोलायला लागला. "काल सांजच्या पारी, हातात काठी नसताना, उसाच्या फडात बिबट्याशी समोरासमोर झुंज देनारे आपल्या गावचे सुभेदारसाहेब..."

साऱ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. भाऊ शाल पांघरून उभा. आधी त्यानं मागं वळून बघितलं, दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय का म्हणून. मग त्याची नजर सावकाश वर चढली आणि गच्चीवर आमच्यापाशी येऊन थांबली. वहिनी पदराच्या काठाचा एक सुटलेला धागा फार बारकाईनं बघत होती.

एवढ्यात खाकी कपड्यातला वनखात्याचा गार्ड गर्दीतून वाट काढत पुढं आला. त्याला कुणीतरी फोन करून बोलावलं होतं. त्यानं भावाला सलाम केला. ते माईकजवळच उभे होते, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं.

"साहेब, जागा दाखवता का? ठसे बघायचेत. पिंजरा मागवायचा तर आधी जागा नक्की पाहिजे."

माझा भाऊ मला खोटं सांगतो, बायकोला खोटं सांगतो, डॉक्टरला तर भेटतच नाही. पण समोर अंगात वर्दी असलेला माणूस उभा राहिला आणि त्यानं सलाम ठोकला, की याच्यात काहीतरी सरळ होतं. त्यानं माईक हातात घेतला. डाव्या हातात.

"मंडळी, बिबट्या न्हवता."

हलगी थांबली.

"न्हानीच्या दाराची मूठ हुती." तो जरा थांबला. लोकांना आणखी काही हवं आहे हे त्याला दिसत असावं. "रबराची पट्टी मुठीला बांधून वडत हुतो. व्यायाम म्हनून. मूठ निघाली आन् कपाळावर बसली. बिबट्याचा काय संबंध न्हाई."

त्यानं माईक परत दिला. मग पुन्हा मागून घेतला.

"शाल परत घ्या. नारळ ठिवतो."

मग आखाड्याच्या कडेला बसलेला कुणी एक पैलवान फिसकन हसला आणि तिथून जे हसू सुटलं ते गच्चीपर्यंत चढून आलं. आत्याबाई सगळ्यांत मोठ्यानं हसत होत्या, आणि मी आधीच म्हणत होते, असं शेजारणीला सांगत होत्या. भाऊ खाली बघत उभा होता. मला वाटलं, हा आता तडक घरी जाणार आणि आठ दिवस कुणाशी बोलणार नाही.

त्याला वाचवलं तालमीच्या म्हाताऱ्या वस्तादांनी. मोडलेल्या कानांचा, आडव्या अंगाचा माणूस. ते आखाड्यात बसल्या बसल्या म्हणाले, "सुभेदार, आमच्या तालमीतली पोरं वरसानुवरसं सायकलीची ट्यूब वडत्यात. डाव बसवायला त्याच्यागत काय न्हाई. पर खांबाला बांधून. दाराच्या मुठीला कोन बांधतं गड्या?"

"मला काय ठाव," भाऊ म्हणाला.

"मग इचारायचं."

गार्डनं हळूच विचारलं, "म्हंजे साहेब, पिंजरा नको?"

"नको."

"बरं झालं. एकच हाय, आन् त्यो दुसऱ्या गावात लावलाय."

पुढची कुस्ती लागली. माझा भाऊ पंचांच्या खुर्चीत जाऊन बसला आणि सूर्य कलेपर्यंत त्यानं चोख पंचगिरी केली. नारळ मांडीवर होता.

संध्याकाळी पानं मांडली. वहिनी वाढत होती. मी आमटीत मान घालून बसले होते. वहिनी पोळ्यांची दुरडी घेऊन त्याच्या पानाशी आली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बिबट्याला अजून एक पोळी वाढू का?"

त्यानं पान जरा पुढं सरकवलं. मग म्हणाला, "वाढ. आन् तूप पन."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर तो ओसरीवर होता. सिमेंटच्या खांबाला त्यानं पट्टी बांधली होती, छातीच्या उंचीवर, सैनिकी गाठ मारून. ती गाठ ट्रकनं ओढूनही सुटली नसती.

"वस्ताद म्हनतात तर काय तरी आसंल त्यात. कसं वडायचं सांग."

"काळी सोड. आधी ही पिवळी घे."

"पिवळी तुला."

"आधी उजवा हात वर कर, बघू."

त्यानं केला. खांद्याच्या रेषेत आला आणि तिथं थांबला. अजून वर न्यायला तो कमरेतून डावीकडं झुकला, म्हणजे हात वर गेल्यासारखं दिसावं. तो गोठ्याकडं बघू लागला.

"मोळी टाकत हुतो ट्रॉलीत," तो म्हणाला. "आत काय तरी चरकलं. म्हटलं, जाईल चार दिसांत. मग न्हाईच गेलं." जरा वेळानं म्हणाला, "रिटायर मानसाकडं लोकं बघत असत्यात, बाय. ह्यो कवा वाकतोय ते बघायला."

मी खांबाची गाठ सोडायला लागले, ती मला सुटेना, मग त्यानंच डाव्या हातानं सोडली. मी पिवळी पट्टी बांधली आणि त्यानं ती मुकाट्यानं हातात घेतली. थोडंसंच ओढायला लावलं, कोपर अंगाला चिकटवून. ओढताना तो ठीक होता. सावकाश सोड म्हटलं तेव्हा हात थरथरला. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"सोडायला जास्त ताकद लागती व्हय?"

"तसंच वाटतं. आणि तो अर्धा सगळे चोरतात."

"मी न्हाई चोरनार," तो म्हणाला, आणि खरंच नाही चोरला.

पण फाटलंय की आखडलंय हे मला कुठं कळणार होतं. म्हणून मी त्याला सोबत सांगलीला आणलं. फिजिओथेरपीच्या त्या मुलीनं त्याला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "काका, सदरा काढा." त्यानं सवयीनं वहिनीला शोधत आजूबाजूला बघितलं. वहिनी नव्हती. मी खिडकीतून बाहेरच्या रिक्षा बघत राहिले. मुलीनं मदत केली नाही, घाईही केली नाही. सदरा निघाला तेव्हा त्याला घाम आला होता आणि तिला जे बघायचं होतं ते बघून झालं होतं.

तिनं डॉक्टरांकडून तपासणी करून आणायला लावली. खांद्यातला एक स्नायू हाडापाशी थोडा फाटला होता. शस्त्रक्रियेची गरज नव्हती. व्यायामानं बराच फरक पडेल, पण वेळ लागेल आणि घाई केली तर आणखी फाटेल, असं त्यांनी सांगितलं.

"मी सांगेन तेवढंच करायचं," मुलगी म्हणाली. "कमी नाही, जास्तही नाही. रंग मी बदलणार, तुम्ही नाही."

"येस सर," तो ताडकन म्हणाला. वर्षानुवर्षांची जीभ.

"मॅडम," ती म्हणाली.

"येस मॅडम."

त्याला पिवळी मिळाली आणि त्याच दिवशी मला निळी. परत येताना तो रिक्षात माझ्या पिशवीतल्या निळ्या पट्टीकडं ज्या नजरेनं बघत होता, ती नजर मी लहानपणापासून ओळखते. त्याच्या वाटणीपेक्षा माझ्या पानात मोठा लाडू पडला, की तो तसा बघायचा. एसटीत बसवून दिल्यावर मी पिशवी तपासली. निळी नव्हती.

मी वहिनीला फोन केला. तिनं त्याच्या पिशवीतून पट्टी काढून हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात तळाशी घातली, काळीही तिथंच टाकली, आणि मला कळवलं, "डाळीला हात लावायची सवय न्हाई त्यांना." पिवळी मात्र तिनं मातकट झाली म्हणून साबणानं धुतली आणि तारेवर उन्हात वाळत घातली. त्या उन्हात दोन दिवस राहून ती पापडासारखी कडक झाली. दुसरी पिवळी मला कुरिअरनं धाडावी लागली, सावलीत ठेवा अशी ताकीद देऊन.

पावसाळाभर तो करत होता. ओसरीवर पत्र्याखाली, खांबाला बांधून. भात लावायला जाणाऱ्या बायका रस्त्यावरून बघायच्या. पहिले काही दिवस कुणीतरी बिबट्याची डरकाळी काढायचं. तो पट्टी सावकाश सोडत सोडत म्हणायचा, "पुढं जा, न्हाई तर मूठ फेकून मारीन." पुढं पुढं डरकाळ्या बंद झाल्या. करणाऱ्यांना कंटाळा आला असावा.

दसऱ्याच्या सुमारास हात कानाच्या वर गेला. लाल पट्टी आली. शेवटची वीत अजून जात नाही आणि कदाचित जाणारही नाही, असं मॅडमनं त्याला स्पष्ट सांगितलंय. त्यानं ते ऐकून घेतलं. सदरा आता तो स्वतः घालतो. खंत एकच, की त्याला या विषयातलं सगळं कळायला लागलंय. फोन केला की तो मला सांगतो, लोखंड सगळीकडं सारखंच जड असतं, रबराचं तसं नसतं. जसं काही हे रबर सीमेवर त्याच्या पलटणीनंच शोधून काढलं. मी हं हं करते. वहिनी मागून म्हणते, "वन्सं, ह्यांना गप करायची पट्टी मिळती का बघा तिकडं."

वहिनीचं वेगळंच चाललंय. तिचे गुडघे दुखायचे, म्हणून मॅडमनं फोनवरून तिला मांड्यांभोवती घालायचं एक रबरी कडं सांगितलं. ते घालून ती आडवी आडवी चालायची, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आत्याबाई बघायला आल्या आणि बघत उभं राहण्याऐवजी मागं चालायला लागल्या. मग त्यांच्या सुना आल्या. दिवाळीला मी गेले तर दुपारच्या वेळी ओसरीवर सात-आठ बायका खेकड्यासारख्या चालत होत्या, आणि वहिनी पदर खोचून, लेफ्ट-राइटच्या चालीवर हुकूम सोडत होती. आत्याबाईंचं कडं निळं होतं. त्यांनी मला ते मुद्दाम दाखवलं.

सुभेदारांना त्या वेळात ओसरीवर यायची परवानगी नाही. ते आत चहा करतात. साखर जरा जास्त टाकतात, आलं कुटत नाहीत, नुसतं चिरून टाकतात. मी गेले तेव्हा ते दारात कपांचा ट्रे धरून उभे होते आणि वहिनी त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "थांबा जरा. अजून एक फेरी हाय."